दनाकिलचं मीठ पाहायला जाताना: तयारी, दिवसाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

इथिओपियाच्या ईशान्येकडच्या दनाकिल या खोलगट, वाळवंटी भागात जाऊन आलेल्यांचे फोटो पाहिले की एक गोष्ट लगेच लक्षात येते. दल्लोल या गरम झऱ्यांच्या जागेची पिवळी-हिरवी कुंडं भरपूर असतात, मिठाचं काम मात्र एखाद-दुसऱ्या फोटोत, तेही लांबून. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘आम्ही पोचलो तेव्हा काम आटपत आलं होतं.’ काही जण तर उन्हाने इतके गळून गेलेले असतात की गाडीतून उतरलेलेच नसतात.

हे नशिबाने होत नाही, क्रम चुकल्यामुळे होतं. इथला दिवस ऊन आणि मीठ कापणारी माणसं ठरवतात. आपण त्यांच्या वेळेत बसायचं. ते कसं, ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका

आपल्याला मीठ म्हटलं की उरण-पेणची किंवा पालघरकडची मिठागरं आठवतात. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मग दाणे ओढून रास करायची. दनाकिलच्या उत्तर भागात, करूम तलावाजवळ (याला असाले असंही म्हणतात), असं काही दिसणार नाही. तिथे जमीनच मिठाची आहे. कधीकाळी लाल समुद्राचं पाणी या खोलगट भागात शिरलं, अडकलं आणि आटलं. त्या मिठाचे थर आज एक किलोमीटरहून जास्त खोल जातात. वरचा थर फरशीसारखा कापून काढतात. पावसाळ्यात डोंगरावरून उतरलेलं पाणी तळावर पसरतं, आटतं आणि नवा थर धरतो.

वाफ्यातलं मीठ दनाकिलमध्येही आहे, पण ते दक्षिणेला अफदेरा तलावावर. दोन्ही ठिकाणं एकच समजून चुकीच्या बाजूचा दौरा ठरवणारे लोक आहेत. उंटांचे तांडे आणि कापलेल्या लाद्या पाहायच्या असतील, तर दौऱ्याच्या कागदावर ‘हमद एला’ (मिठाच्या तळाजवळची वस्ती) आणि ‘असाले’ ही नावं असलीच पाहिजेत.

टप्पा १: जायचं की नाही, आणि कधी

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढाच. दल्लोलला १९६० ते १९६६ या काळात तापमानाची नोंद झाली आणि वर्षाची सरासरी ३४ अंशांच्या वर निघाली. माणसाची वस्ती असलेल्या ठिकाणांत ही सर्वांत जास्त नोंदलेली सरासरी मानली जाते. सरासरी म्हणजे रात्री आणि थंडीचे महिने धरून. उन्हाळ्यात पारा ५० च्या आसपास जातो. ‘आम्ही चंद्रपूर-नागपूरचे, आम्हाला ऊन काय सांगता’ असं म्हणून मे-जूनमध्ये निघू नका. चंद्रपुरात संध्याकाळी घरात कूलर असतो, झाडाची सावली असते. मिठाच्या तळावर मैलोन् मैल सावलीच नाही.

आता सुरक्षा. जानेवारी २०१२ मध्ये एर्ता आले ज्वालामुखीजवळ पर्यटकांवर हल्ला होऊन पाच जण मारले गेले. २०२० ते २०२२ मध्ये शेजारच्या टिग्रे प्रांतात युद्ध झालं. कधी टिग्रेची राजधानी मेकेलेकडून उतरायची वाट खुली असते, कधी अफार प्रांताची राजधानी सेमेराकडून. वर्षभरापूर्वीची माहिती इथे उपयोगाची नाही. आदिस अबाबातल्या भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचा आणि तुमच्या दौऱ्याचा रस्ता नकाशावर तिच्याशी जुळवून पाहा.

ज्वालामुखीचंही तसंच. २३ नोव्हेंबर २०२५ ला एर्ता आलेच्याच रांगेतल्या हायली गुब्बीचा उद्रेक झाला आणि त्याच्या राखेमुळे आपल्याकडची काही विमानं रद्द करावी लागली. एर्ता आलेच्या लाव्हाच्या तळ्याचे जुने फोटो पाहून पैसे भरू नका. ते आज कसं दिसतं, ते विचारा. मिठासाठी जाणाऱ्याला एर्ता आले वगळलं तरी चालतं. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला वगळाच, तो दिवस मिठाला द्या.

तपासून पाहा: तारखा रमजानमध्ये येतात का? इथले अफार लोक मुस्लिम आहेत आणि पुढची काही वर्षं रमजान याच थंडीच्या महिन्यांत येतो. जायला हरकत नाही. पण रोजा असलेल्या माणसासमोर उभं राहून घटाघटा पाणी पिऊ नका, गाडीआड जाऊन प्या. तसंच मिठावर काम करणारे टिग्रेतले कामगार ख्रिस्ती आहेत. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला आणि तिमकत हा येशूच्या बाप्तिस्म्याचा सण १९ जानेवारीला किंवा लीप वर्षामुळे एक दिवस पुढे येतो. त्या दिवसांत तळावर काम चालू असेल का, हे आधी विचारून घ्या.

टप्पा २: कागदपत्रं आणि लस

व्हिसा ऑनलाइन मिळतो, मुंबईहून आदिस अबाबाला थेट विमान आहे. अडचण होते ती परत येताना.

इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. तिथून भारतात उतरणाऱ्याकडे यलो फीवरच्या लशीचं प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस घेतल्यावर प्रमाणपत्र लागू व्हायला १० दिवस लागतात. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि तिथे आधी नाव नोंदवावं लागतं. म्हणून तिकीट काढलं की दुसरं काम हेच.

तपासून पाहा: प्रमाणपत्रावरचा पासपोर्ट क्रमांक एकेक आकडा लावून पाहा. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

विम्यात दुर्गम भागातून हलवण्याचा खर्च धरलाय का आणि सरकारने ‘जाऊ नका’ म्हटलेल्या भागात विमा लागू राहतो का, या दोन ओळी शोधून वाचा. ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय नेलात तर विमानतळावरच काढून घेतात.

टप्पा ३: शरीर उन्हाला लावणं

हा टप्पा सगळेच गाळतात.

उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. मे महिन्यात आपल्या अंगाला ती असते. पण आपण निघतो डिसेंबर-जानेवारीत, पुण्या-नाशिकच्या थंडीतून. त्यातून आदिस अबाबा २,३०० मीटरच्या आसपास उंचीवर, मेकेलेही २,००० मीटरच्या वर. तिथे रात्री स्वेटर लागतो. तिथून अर्ध्या दिवसात समुद्रसपाटीच्या १०० मीटर खाली उतरायचं. त्या उतारावर शरीराला तयार व्हायला वेळच मिळत नाही.

म्हणून निघण्याआधी दोन आठवडे रोज तासभर दुपारच्या उन्हात, जरा जास्त कपडे घालून, घाम येईल असं भराभर चाला. घरी येऊन पाणी प्या. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. दमेकऱ्यांनी दल्लोलला जाऊ नये, तिथे गंधकाचे वायू निघतात.

इशारा: दनाकिलच्या कोरड्या हवेत घाम दिसत नाही, कारण आला की लगेच उडतो. ‘मला घामच येत नाहीये’ म्हणून पाणी टाळणारा माणूस संध्याकाळी आडवा झालेला असतो. घामाकडे बघू नका, लघवीच्या रंगाकडे बघा. गडद पिवळी असेल तर तुम्ही मागे पडलात.

टप्पा ४: सामान

पाणी माणशी दिवसाला ५ ते ६ लिटर, फक्त पिण्यासाठी. दौरावाले देतात, पण गाडीतल्या पेट्या निघण्याआधी स्वतः मोजा.

ओआरएस न्याच. इथली नेहमीची चूक म्हणजे पुडीवर न बघता मिसळणं. काही पुड्या एक लिटरच्या असतात, काही २०० मिलीच्या. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत टाकली तर फायदा होण्याऐवजी त्रास होतो. पुड्या संपल्या तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा छोटा चमचा. मीठ अंदाजाने टाकू नका, आणि तळावरचं मीठ तर अजिबात नको.

बूट जाड तळव्याचे, जुने. मिठाने चामडं कडक होऊन तडकतं, नवी जोडी फुकट जाईल. कपडे सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे. डोक्याला पंचा किंवा मोठी ओढणी टोपीपेक्षा बरी, कारण मानही झाकते. गॉगल बाजूनेही बंद असलेला हवा. कॉन्टॅक्ट लेन्स नकोत.

पांढरा तळ ऊन खालून वर फेकतो. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडांना आणि कानांमागे लावलं नाही, तर नेमकं तिथेच सोलून निघतं.

टप्पा ५: उतरणीचा दिवस

मेकेलेहून निघालं की रस्ता बेरहाले गावावरून खाली हमद एलाला जातो. खाली सोय म्हणजे उघड्यावर खाट आणि वर चांदणं. वारा सुटला तर तो रात्रीही गरम असतो.

या दिवशी तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, घड्याळ. इथिओपियात दिवस सकाळी सहापासून मोजतात. त्यांचे दोन म्हणजे आपले आठ. वाहनचालक ‘रात्री दहाला निघू’ म्हणाला तर तो पहाटे चारबद्दल बोलतोय. याच घोळात माणसं उशिरा निघतात आणि सगळा क्रम कोसळतो. दर वेळी विचारा: ही हबेशा (इथली) वेळ की फेरंजी (परदेशी)? मग बोटाने घड्याळावर दाखवून घ्या.

दुसरी, वाटेतलं थांबणं. तुमचा अफार वाटाड्या समोरून येणाऱ्या माणसाला पाहून गाडी थांबवेल, उतरेल, दोघं बोलत बसतील. पंधरा मिनिटं जातील. इथे लोकांचा जीव कासावीस होतो, हॉर्न वाजवायला सांगतात. तसं करू नका. याला दागू म्हणतात. दोन अफार भेटले की एकमेकांना बातमी द्यायची, ही त्यांची रीत आहे: पुढे पाणी कुठे आहे, वाट कशी आहे, कोणाची काय गडबड आहे. मोबाइलची रेंज नसलेल्या मुलखात तुमची सुरक्षा याच गप्पांवर चालते. उलट, त्यांचं बोलणं झालं की वाटाड्याला विचारा, काय कळलं?

तिसरी, जेवण. शाकाहारी मंडळी उगाच घाबरतात. इथिओपियातले ख्रिस्ती लोक बुधवार-शुक्रवार उपास करतात आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडं काहीच खात नाहीत. त्यामुळे ‘त्सोम’, म्हणजे उपासाचं, हा शब्द सांगितला की डोंगरावरच्या गावांत पानात शाकाहारी येतं. इंजेरा ही तेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची, आंबोळीसारखी जाळीदार. त्यावरचं शिरो म्हणजे जवळजवळ आपलं पिठलंच. पहिला घास घेतल्यावर घर आठवतं. आंबट सोसत नसेल तर दशम्या आणि चटणी बरोबर ठेवा.

तपासून पाहा: झोपण्याआधी उद्यासाठी माणशी तीन बाटल्या भरून उशाशी आहेत का? पहाटे अंधारात कोणी पाणी शोधत बसत नाही.

टप्पा ६: मिठाचा दिवस

क्रम असा: पहाटे दल्लोल, सकाळी मिठाची कापणी, भर दुपारी सावली, दुपार कलल्यावर तांडा. यात अदलाबदल करू नका.

*पहाटे: दल्लोल.* उजाडताना तिथे असायला हवं, दोन तासांत बाहेर. कुंडांतलं पाणी इतकं आम्लधर्मी असतं की त्याचा पीएच शून्याच्याही खाली मोजला गेलाय. रंग पाहून बोट बुडवायचा मोह होतो, तो आवरा. पायाखालचा कवच बिस्किटासारखा ठिसूळ असतो आणि खाली गरम पाणी असतं. वाटाड्याच्या पावलावरच पाऊल टाका, फोटोसाठी दोन पावलं बाजूला नाही. वाऱ्याच्या दिशेकडे लक्ष ठेवा, खोकला सुरू झाला की मागे फिरा.

इशारा: जवळच्या गाएताले नावाच्या पिवळ्या तळ्याकाठी बसू नका, वाकू नका. तिथून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. काठावर मेलेले पक्षी आणि किडे दिसतात, ते त्यामुळेच.

*सकाळी: कापणी.* साधारण नऊच्या आत तळावर पोचा. काम रंगात असतं आणि ऊन अजून अंगावर आलेलं नसतं. गाडी लांब थांबवून चालत जा.

पाहायचं काय, हे कळलं नाही तर समोर फक्त गर्दी दिसते. कामाची वाटणी आहे. एक टोळी थर उचकटते. आधी मिठाच्या फरशीत चर पाडतात, मग त्यात लाकडी दांडे घालतात. पाच-सहा जण एका लयीत ओरडत त्या दांड्यांवर भार देतात. पहिल्या एक-दोन झटक्यांना काहीच होत नाही. मग खालून लाकूड मोडल्यासारखा आवाज येतो आणि खाटेएवढी लादी एका बाजूने उचलली जाते. खालची बाजू ओली, करडी, चिखलाच्या रंगाची. वरचा पांढरेपणा पातळ सायीसारखाच असतो, हे तेव्हा कळतं.

दुसरे कारागीर घडणारे. उकिडवे बसतात, सुताराच्या वाकसासारखं हत्यार हातात. मोठ्या लादीचे तुकडे करून एकेकाच्या कडा तासतात. फूटपट्टी नाही, साचा नाही, तरी रचलेली चवड एका मापाची. नेहमीच्या मापाला गनफुर म्हणतात, वजन साधारण चार किलो. त्याहून मोठं, दुपटीच्या जवळपासचं मापही असतं. परंपरेने उचकटणारे बहुतेक टिग्रेतले आणि घडणारे अफार, म्हणजे दोन समाजांची रोजी एकाच लादीवर. एका घडणाऱ्याजवळ, त्याच्या परवानगीने, दहा मिनिटं गप्प बसून पाहा. तो लादी वळवतो, दोन टोले, पुन्हा वळवतो, अंगठ्याने कड चाचपतो. त्या अंगठ्याची कातडी मिठाने फाटलेली असते.

याच मिठाच्या विटांना अमोले म्हणत आणि विसाव्या शतकापर्यंत इथिओपियात त्या पैशासारख्या चालत. म्हणून माप सारखं असण्याला एवढं महत्त्व.

इथे होणाऱ्या चुका:

तोंडासमोर कॅमेरा धरणं. आधी वाटाड्याला पुढे करा, टोळीच्या म्होरक्याशी बोलू द्या. काही द्यायचं असेल तर सगळ्या टोळीचं मिळून एकदाच, त्याच्यामार्फत. एकेकाला नोटा दिल्या की काम थांबतं, भांडण लागतं.

हत्यार मागून ‘जरा मी करून पाहतो’ म्हणणं. या लोकांना मोबदला मिळतो तो नगावर. तुमच्या हौसेत मोडलेली लादी त्यांच्या मजुरीतून जाते.

चवडीवर बसणं किंवा पाय ठेवणं. ते कोणाच्या तरी जेवणात जाणारं मीठ आहे.

जास्तीचं पाणी मात्र अवश्य न्या आणि विचारून द्या. रिकाम्या बाटल्या परत आणा.

*दुपार:* साडेअकरानंतर तळावर थांबू नका. हमद एलाला परत, सावलीत आडवं व्हा, ओआरएस घोट घोट घ्या. नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसणंही वाईट, अंगातलं मीठ पातळ होतं. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, चालताना झोकांड्या खायला लागलं, तर तो थकवा समजू नका. उष्माघात समजा: सावली, सगळ्या अंगावर पाणी, जोरात वारा, आणि लगेच गाडी वरच्या गावाकडे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

*दुपार कलल्यावर: तांडा.* लादलेले उंट परतीला लागलेले असतात. एकामागे एक दोरीने जोडलेले, मध्ये खेचरं आणि गाढवं. तळावर पाण्याचा पातळ थर असेल तर तांडा आरशात चालल्यासारखा दिसतो. वाऱ्याने हे पाणी इकडून तिकडे सरकतं, म्हणून काल कोरडी असलेली जागा आज भिजलेली असते. सूर्याकडे तोंड करून, वाटेपासून किमान तीस पावलं बाजूला उभे राहा. रांगेच्या मधून ओलांडू नका. एक उंट बिचकला की दोरी ताणते, भार घसरतो आणि घडलेल्या लाद्या फुटतात. उंटाच्या मागे तर उभंच राहू नये.

पूर्वी हे तांडे डोंगर चढून थेट मेकेलेपर्यंत जात. आता पक्का रस्ता झालाय, बरंचसं मीठ ट्रकमधून जातं आणि उंटांची संख्या घटलीय. हजार उंटांची रांग दिसेल या आशेने जाऊ नका. चाळीस-पन्नास दिसले तरी पुष्कळ. ट्रकमध्ये लाद्या चढवणारेही पाहा, आजचा व्यापार तोही आहे.

दौऱ्यात साबाच्या घळईतून पायी चालणं असेल, तर अरुंद जागी तांड्याला आधी जाऊ द्या. वर डोंगरावर ढग भरले असतील तर घळईत शिरू नका, मुक्काम तर नाहीच. खाली कोरडं असताना वरून लोंढा येतो.

टप्पा ७: वर आल्यावर

मेकेलेला पोचलं की आंघोळीआधी बूट, कॅमेऱ्याचा स्टँड आणि बॅगेच्या चेन गोड्या पाण्याने धुवा किंवा ओल्या फडक्याने दोनदा पुसा. दुसऱ्या दिवसावर ढकललं की स्क्रू धरतात, चेन अडकते. कॅमेऱ्याच्या लेन्सवरचं मीठ कोरड्या कापडाने घासू नका, ओरखडे पडतात. आधी फुंकणीने उडवा. दोन दिवस ओआरएस चालू ठेवा, डोकेदुखी बहुधा दुसऱ्या दिवशी उगवते. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना इथिओपियाचं नाव आवर्जून सांगा, खालच्या भागात मलेरिया आहे.

आठवण म्हणून मीठ आणायचं असेल तर तळावरून उचलू नका, घडणाऱ्याकडून किंवा बेरहालेच्या बाजारातून एक तुकडा विकत घ्या. तिकडे तो दगडासारखा टणक असतो. आपल्याकडे जूनमध्ये त्याला पाणी सुटतं आणि कपाटाचं लाकूड खराब होतं. तांदूळ घातलेल्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा आणि पावसाळा संपेपर्यंत उघडू नका.